चौथा मुद्दा

वर्षालीला कोणी मत विचारलं की तिच्या अंगात वारंच भरायचं. वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून तर कोणी साधं "आज ऊन फार आहे" म्हटलं तरी ती "कशावरून?" विचारायची. त्यामुळे अश्विनमामाचा मेसेज आला तेव्हा ती खाटेवरून उडालीच.

मामा अमरावतीत क्लास चालवायचा आणि गावोगाव 'शिक्षण आणि नेतृत्व' या विषयावर बोलायचा. त्याने मागच्या भाषणाचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, "रविवारी अकोल्यात मोठ्या हॉलमध्ये आहे. तू आमची भाषणवाली. नीट चिकित्सा कर. मामा म्हणून सोडू नको."

सोडते कसली! तिने मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला आणि कागद पुढे ओढला. शेजारी तिची आई, आरती, अकोटच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती.

पहिला मुद्दा: मामा 'व्हिजन' हा शब्द मीठ टाकावं तसा टाकतो. दुसरा: 'खरा नेता सगळ्यांना बोलू देतो' असं सांगतो आणि समोरच्या पोरांना एक प्रश्न विचारू देत नाही. तिसरा: मधली वाघाची गोष्ट कशाशीच जुळत नाही.

"रडू येईन व त्याले," आई हसली.

"येऊ दे. त्यानंच म्हटलं."

तेवढ्यात मोबाइलमधल्या मामाने आवाज खाली आणला. "माझा पहिला नेता कोण? माझी ताई. सातवीत होती. घरात एकालाच शिकवणं शक्य होतं. ताई स्वतःहून वडिलांना म्हणाली, माझं नाव काढा, अश्विनला शिकवा. याला म्हणतात नेतृत्व."

टाळ्या थांबेनात. वर्षालीचेही डोळे भरले. "आई, तू म्हटलं होतं असं? मले कधी सांगितलं नाई."

आईने हातातल्या जुडीला दोऱ्याचा वेढा दिला. "मी काहून म्हणीन? सहामाही चालू होती माही. भूगोलाचा पेपर राह्यला होता. सकाळी बाबा म्हणे, माय बिमार हाये, आज बाजारात तू चाल. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाल. मंग नाव काढूनच आणलं. मले कोणी इचारलं नाई."

"म्हणजे मामा खोटं बोलतो."

"त्याले बाबानं तसंच सांगितलं असंन. लहान होता थो."

वर्षालीने चौथा मुद्दा झरझर लिहिला. आईने कागद हातात घेऊन वाचला आणि मांडीखाली सरकवला.

"हे नको पाठवू."

"त्यानं स्वतः मागितलं, आई."

"मागितलं असंन. बाबा गेले, माय गेली, तेल्हाऱ्याच्या घराले कुलूप हाये. दिवाळीले मले न्यायले कोण येते? थोच येते ना? माहेर म्हणून आता तेवढा एक माणूस राह्यला. तुह्या मुद्द्यापायी त्याले घालवू?"

वादविवादात अशा वेळी घंटा तरी वाजते.

पण गप्प बसेल ती वर्षाली कसली. तिने तोच मुद्दा तासून गुळगुळीत केला. "बहिणीचा प्रसंग परिणामकारक आहे. पण त्यात बहिणीची बाजू येत नाही. तिला काय वाटलं, हे ऐकणाऱ्यांना कळायला हवं." मामा हुशार. हे वाचलं की त्याला खटकेल, मग तो गुपचूप फोन करून ताईला विचारेल, असा तिचा डाव. आईलाही त्यात वावगं दिसलं नाही. मुद्दे गेले.

मामाला खटकलं नाही. आवडलं. लगेच त्याचा फोन. "शाब्बास पोरी! बाकीचं राहू दे, चौथ्या मुद्द्यानं भाषण कुठल्या कुठं नेलं. रविवारी ताईलाच मंचावर बोलावतो."

"मामा, मला तसं नव्हतं म्हणायचं..."

आईने तिच्या हातातून फोन घेतला. "येतो रे भाऊ," म्हणाली आणि ठेवून दिला.

रविवारी अकोल्याचा हॉल भरलेला. मामाने पाठवलेली मोरपंखी साडी नेसून आई मंचावर गेली. शाल झाली, श्रीफळ झालं. खाली रेकॉर्डिंगचं काम वर्षालीकडे.

"ताई, तू स्वतःहून शाळा सोडलीस," मामा म्हणाला, "तेव्हा तुझ्या मनात काय होतं?"

आईने माइककडे पाहिलं, मग मामाकडे. त्याचे डोळे खरोखरच ओले होते. तो नाटक करत असता तर वर्षाली खुर्चीवर चढून ओरडली असती. आता कोणावर ओरडायचं?

"भाऊ मोठा व्हावा, असं होतं," आई म्हणाली.

सगळा हॉल उभा राहिला. वर्षालीसमोर नुसत्या पाठी. तिने फोन वर धरला. पडद्यावर एवढीशी आई, नारळ पोटाशी धरून, कुठे बघावं ते न कळून कधी या भिंतीकडे, कधी त्या. बंद करावं असं शंभरदा वाटलं. पण मामाने शेवटपर्यंत घे म्हणून सांगितलं होतं, आणि तिने घेतलं.

परतीच्या एसटीत चोहोट्टा गाव मागे पडलं.

"सारेच टाळ्या वाजवून राहिले होते," आई खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "तूबी वाजवल्या?"

"माह्या हातात फोन होता."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि चुरगळू नये म्हणून नव्या साडीचा पदर मांडीवर गोळा करून बसली.