बांधाची माती

"टेंपो सांगू का, आत्या? एका खेपंत सगळं घरी."

सुनेचं, जयमालेचं, बोलणं ऐकूनही सुभद्राबाईंनी फावड्यावरचा हात काढला नाही. "टेंपोवाला मोठ्यानं गाणी लावणार. माझी हाक त्यास्नी कशी ऐकू जाईल?"

"हे म्हणत होते, कुंडीची माती मोबाइलवर मागवता येती."

"येत आसंल. पर त्या मातीत तुझं सासरं न्हाईत."

जयमालेनं स्कूटर स्टँडला लावली.

ताथवड्याचं हे वावर मागल्या साली बिल्डरला गेलं. सोमवारी तळघराची खोदाई लागणार होती. यशवंतरावांनी जाताना सांगून ठेवलं होतं, "मला नदीत सोडू नका. बांधाच्या कडंला ठेवा." तीन वर्षांखाली त्यांची रक्षा बांधाच्या अलीकडच्या अंगाला पसरून वर माती लोटली होती. ती माती पिंपळे गुरवच्या घरी गच्चीवर न्यायची आणि तिच्यात तोंडल्याचा वेल चढवायचा, असं बाईंच्या मनानं घेतलं होतं. पण असं माणूस नेताना घरचं कुणीतरी बरोबर असावं लागतं. वळणा-वळणाला त्याला सांगावं लागतं, नाहीतर ते मागं राहतं. म्हणून एक पोतं जयमालेच्या पायाशी आणि बाई मागं, अशा चार खेपा करायच्या होत्या. शेवटचं पोतं घरात जाईस्तोवर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असा नेमही त्यांनी पहाटे देवापुढं बोलून टाकला होता.

आणि वावरात पुढं जाऊन बघतात तर बांधच नव्हता.

"बांध?" जेसीबीवाला तंबाखू मळत म्हणाला. "मावशी, काल सगळं खरवडून एकच ढीग केलाय बघा."

"पल्याडचं बी?"

"दोन्हीकडचं."

बाई ढिगाशी बसल्या. पल्याड थोरले दीर होते, सोनबा. हातभर बांधासाठी दोघं भाऊ अठरा वर्षं बोलले नव्हते. धाकट्यानं बांधाशेजारी जागा धरली, हे सोनबांना अंथरुणावर कळलं, तेव्हा ते बायकोला म्हणाले होते, "मलाबी पल्याडच्या अंगाला ठेवा. न्हाईतर मेल्यावरबी सरकवंल तो बांध." सालभरात तेही तिथंच आले.

"आत्या, मग कुठलं भरू?"

बाईंनी मूठभर माती उचलली. अल्याडच्या अंगाची माती फिकट, मुरमाड. पल्याडची काळी. मुठीत दोन्ही होती. बोटानं निवडून पाहिली, तसतशी ती जास्तच कालवली गेली.

"भर. यील ते भर."

दोघींनी पोतं सहज उचलून स्कूटरवर ठेवलं. बाई मागं बसल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. "अवो" म्हटलं की त्यांना कळायचं.

"अवो, चला. डावीकडं वळतोय बरं का." थोडं पुढं गेल्यावर, "आता हायवेखालचा बोगदा हाय. अंधार वाटंल, भिऊ नका." सिग्नलला शेजारच्या मोटारसायकलवाल्याला वाटलं, मावशी फोनवर कुणाला तरी रस्ता सांगतायत. त्यानं आपणहून सांगितलं, "त्यांना म्हणावं, पुढं काम चालू हाय, सर्व्हिस रोडनं या."

"सांगते, बाबा," बाई म्हणाल्या. आणि सांगितलंही.

घरासमोर जयमालेनं पोतं खाली घेतलं. उंबऱ्यापाशी आल्यावर ते तसूभर हलेना. दोघींनी कान धरून ओढलं. पोतं आपलं जागच्या जागी.

"हात भरून आलेत, आत्या. जरा दम खाऊ."

बाईंच्या मात्र ध्यानात आलं. सगळ्या वाटेनं त्यांनी एकालाच हाक मारली होती. दुसरा माणूस बिनबोलावता दारापर्यंत आला होता आणि आता थांबला होता. मानी माणूस. कुणाच्या घरी 'या' म्हटल्याशिवाय पाय टाकायचे नाहीत ते.

बाईंनी डोक्यावरून पदर पुढं ओढला. थोरल्यांसमोर उभ्या राहायच्या, तशा भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"भावजी," त्या हळू म्हणाल्या, "तुमास्नी बोलवायचं राहिलं. चुकलं माझं. घर तुमचंबी हाय. या आत."

पोतं हलकं झालं नाही. पण उचललं गेलं. जयमालेनं सासूकडं बघितलं आणि पोत्याचे कान घट्ट धरून ती जिना चढायला लागली.

पुढल्या तिन्ही खेपांना बाईंनी दोघांना सांगितलं. एका हातानं वाऱ्यावरचा पदर धरलेला. "अवो, वळतोय. भावजी, वळतोय." जयमाला हेल्मेटच्या आतून विचारायची, "आले का दोघं?" पहिल्यांदा तिनं ते चेष्टेनं विचारलं होतं. शेवटच्या खेपंला तशी चेष्टा राहिली नव्हती.

दुपारी बारा वाजता चारही पोती गच्चीवर लागली. बाईंनी तांब्याभर पाणी पिऊन घेतलं आणि पोत्यांजवळ बसल्या. वारा पडलेला. दोन माणसं एकमेकांकडं पाठ करून बसावीत, तशी ती शांतता होती. ती त्यांच्या ओळखीची होती. अठरा दिवाळ्या ती घरात वावरली होती.

"जयमाला, शालनबाईंना फोन लाव."

"चाकणच्या? तुमच्या थोरल्या जाऊबाईंना? आपण बोलतो का त्यांच्याशी?"

"लाव म्हनलं ना."

फोन लागला. पलीकडं टीव्ही चालला होता.

"कोण?"

"आक्का, मी सुभद्रा."

टीव्ही बंद झाला.

"वावर खरवडलं, आक्का. ह्यास्नी घरी आणाय गेले हुते. माती एक झालेली. भावजीबी आलेत."

शालनबाईंनी विचारलं, "कुठं बसवलंस त्यास्नी?"

"गच्चीवर."

"उनात?" म्हातारीचा आवाज एकदम वर गेला. "त्यास्नी ऊन सोसत न्हाई, सुभद्रे! डोकं उठतंय त्यांचं. सावलीला घे आधी. मी निघाले."

बाईंनी चार पोत्यांकडं पाहिलं. कुठल्यात कोण, ते सांगता येत नव्हतं. त्यांनी पदर खोचला, पहिल्या पोत्याचे कान धरले आणि ते पाण्याच्या टाकीच्या सावलीकडं ओढायला लागल्या. मग दुसऱ्याला वळल्या. जयमालेनं तोवर तिसऱ्याला हात घातला होता.