मास्तरांचा नारू

भालचंद्र हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन जालन्याला परत आला, तेव्हा जगात आता फारसे प्रश्न उरलेले नाहीत, आणि जे उरले आहेत ते केवळ त्याला कुणी विचारले नाहीत म्हणून उरले आहेत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

श्रीपतराव वकिलांनी एक प्रश्न विचारला. श्रीपतराव हे जनहित मंडळाचे अध्यक्ष. टेंभुर्णीच्या पुढे, डोंगराच्या कडेला भिल्लांची एक वाडी होती. तिथे दर उन्हाळ्यात घरटी एक तरी माणूस नारूने अंथरूण धरी. पायाला फोड यायचा, तो फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा, हातभर लांबीचा जंत रोज थोडाथोडा काडीला गुंडाळत बाहेर ओढावा लागायचा. तेवढे दिवस माणूस कामातून जायचा. "यावर शास्त्र काय म्हणतं?" श्रीपतरावांनी विचारले.

"शास्त्र म्हणतं, पाणी गाळून प्या," भालचंद्र म्हणाला. "पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारी एक पिसू असते, तिच्या पोटात नारूचं पिल्लू. फडक्यानं पिसू अडली की नारू अडला. इतकं सोपं आहे."

"मग तुम्हीच जा," श्रीपतराव म्हणाले. मंडळाचा एक नियमही त्यांनी सांगितला. वाडीवर कुणी पाणी दिले तर ते नाकारायचे नाही, आपण शिवाशीव मानत नाही हे लोकांना दिसले पाहिजे. हा नियम श्रीपतरावांनी स्वतः केला होता. वाडीवर ते स्वतः कधी गेले नव्हते.

वाडीचे पाणी म्हणजे जंगलाच्या तोंडाशी असलेली एक जुनी बारव. गावाने ती कधीच सोडून दिली होती. पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभे राहून बायका घागरी भरत. भालचंद्राने तिथेच पायरीवर व्याख्यान दिले. भिंग आणले होते, ते सगळ्यांच्या हातात फिरवले. हैदराबादेत शास्त्र उर्दूतून शिकल्यामुळे अधूनमधून त्याची गाडी अडे, पण एकंदरीत व्याख्यान उत्तम झाले असे त्याचे मत पडले. लोकांनी भिंगातून एकमेकांचे दात पाहिले.

मग कडूबाने त्याला झोपडीपुढे नेऊन बाजेवर बसवले. कडूबा गावचा जागल्या. रात्री गावाभोवती आणि खळ्यांवर फिरून पहारा द्यायचा, हे त्याच्या बापापासूनचे काम. पण ऐन खळ्यांच्या दिवसांत त्याला नारू निघायचा. यंदाही पाय फडक्यात गुंडाळलेला होता.

"पाटलानं सांगून ठिवलंय," कडूबा म्हणाला. "पुढल्या साली बसलास तर जागल दुसऱ्याला. मास्तर, जागल गेली की मंग आम्ही कोन? जंगलात गेलं तर जंगलवाले मारतेत, गावात गेलं तर गाववाले."

"तुम्ही फक्त पाणी गाळा," भालचंद्र म्हणाला. "मी खात्री देतो."

कडूबा हसला. "मागं मध घिऊन गेल्तो गावात. बाई म्हन्ली, थांब, आधी गाळते, तुमच्या लोकायचा काय भरवसा. माझ्या देखत गाळला. तवापासून गाळायचं नाव काढलं की डोकं फिरतं. आमच्यात पावन्याला पानी देताना भांड्यावर फडकं धरलं, तर त्यो उठून जाईल. म्हनंल, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं."

हे भालचंद्राला कळले तेव्हा कडूबाची बायको नंदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी होती. तांब्या काठोकाठ भरलेला, फडके नाही. भालचंद्राने आत पाहिले. उन्हाच्या तिरिपेत पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते. त्या ठिपक्यांचे शास्त्रीय नाव, कुळ, गण सगळे त्याला तोंडपाठ होते. इतकी ओळख असलेले प्राणी गिळण्याचा प्रसंग फार थोड्या पदवीधरांवर आला असेल. खिशात स्वच्छ धुतलेला रुमाल होता. पण रुमाल काढायचा म्हणजे या बाईच्या तोंडावर तिचे पाणी घाण आहे म्हणायचे. त्याच्या शास्त्राने एक पाऊल मागे घेतले, सभ्यतेने एक पाऊल पुढे टाकले, आणि भालचंद्र डोळे मिटून गटागटा प्याला.

एका घरी प्याले की दुसऱ्या घरी नाही म्हणता येत नाही. संध्याकाळपर्यंत तो वाडीभर प्याला.

"आगं, मास्तर तर गाळल्याबिगर प्यालं की!" म्हातारी द्वारकाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "मंग सकाळधरनं काय बडबडत व्हतं?"

मोहीम तिथेच संपली. फक्त नंदाबाई तो निघताना मागून आली.

"खरं सांगा. गाळलं तर न्हाई निघत?"

"बिलकुल नाही."

"मंग तुम्ही का प्यालात?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

नंदाबाईने त्याच्याकडे जरा वेळ पाहिले. चांगल्या धडधाकट बैलाला आपणहून खड्ड्यात उतरताना पाहावे, तसे. "इतकं शिकूनबी?" ती म्हणाली. मग काहीतरी ठरवल्यासारखी मान हलवली. "पावन्याला गाळून द्यायची न्हाई मी. पन नवऱ्याला दीन. नवऱ्याचा कसला आलाय मान!"

त्या दिवसापासून ती लुगड्याचा दुहेरी पदर घागरीवर धरून पाणी ओती. रात्री कडूबा पहाऱ्याला निघाला की गाळलेल्या पाण्याचा भोपळा त्याच्या खांद्याला अडकवी आणि दुसरीकडे पाणी प्यायलास तर घरात घेणार नाही, असे बजावी. वाडी तिला हसे. "नंदी बामनीन झाली," द्वारकाबाई म्हणे. "उंद्या सोवळं नेसंल."

भालचंद्र अधूनमधून वाडीवर जाई, व्याख्यान देई आणि घरोघर न गाळलेले पाणी पिऊन परत येई. माणसे आता त्याला आपला मानत होती. गाळत मात्र कुणी नव्हते. पण हळूहळू होईल, असे तो श्रीपतरावांना सांगे.

वर्ष उलटले, पुन्हा ऊन तापले आणि भालचंद्राच्या घोट्यावर एक फोड आला.

शास्त्रज्ञाने घाईने निष्कर्ष काढू नये, म्हणून त्याने तो काढला नाही. प्रथम तो किडा चावला असे ठरवले. मग चप्पल लागली असे ठरवले. घोट्याला चप्पल कशी लागेल, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारू दिला नाही. फोड फुटला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्याचे टोक डोकावले, तेव्हा मात्र जगात दुसरे काही ठरवायला उरले नाही. पुस्तकात वर्षभर लागते असे लिहिले होते. पुस्तक अगदी बरोबर होते. एरवी त्याला याचा आनंद झाला असता.

नेमके त्याच आठवड्यात श्रीपतरावांनी वाडीवर सभा ठरवली होती. ते स्वतः येणार होते, पोलीसपाटील काकासाहेबांनाही बोलावले होते. भालचंद्राने घोट्याला जाड पट्टी बांधली आणि बैलगाडीतून आदल्या दिवशीच वाडी गाठली. "काटा लागला," त्याने सगळ्यांना सांगितले.

पण पायाची आग थांबेना. दुपारी सगळे सामसूम झाल्यावर तो लंगडत बारवेवर गेला, पट्टी सोडली आणि पाय थंडगार पाण्यात सोडणार, इतक्यात कुणीतरी मागून त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली.

"पाय भाईर!" कडूबा होता. "पान्यात पाय घातला की नारू पिल्लं सोडतो, आन् मंग सारी वाडी बसती. कोन सांगून गेल्तं हे? तुम्हीच ना?"

भालचंद्राने पाय वर ओढून घेतला. कडूबा त्याच्या घोट्याकडे पाहत राहिला, मग स्वतःच्या धडधाकट पायांकडे पाहिले. मग त्याला इतके हसू आले की बारवेतली कबुतरे उडाली.

"तुमचं आयकलं म्हून मी उभा हाय," तो डोळे पुसत म्हणाला, "आन् तुम्ही कुनाचं आयकलंत, मास्तर?"

"कडूबा, उद्यापर्यंत कुणाला सांगू नका. वकीलसाहेब येणार आहेत."

कडूबाने मान डोलावली. दिलेला शब्द तो पाळणार होता.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली सभा भरली. श्रीपतराव मंडळाच्या कार्याबद्दल बराच वेळ बोलले. मग काकासाहेब पाटील उठले. त्यांना कार्याशी देणेघेणे नव्हते.

"मला जल्दी आहे," ते म्हणाले. "जागलीचा फैसला करून जातो. कडूबा, औंदा तू बसला न्हाईस, खरंय. पन एक साल नशीब साथ देतं. पुढल्या साली खळ्यावर चोरी झाली आन् तू बाजेवर असलास तर? दुसरा मानूस तयार आहे."

"नशीब न्हाई, पाटील," नंदाबाई पुढे येऊन म्हणाली. "सालभर पानी गाळून पाजलंय म्या."

"त्यानं काय व्हतं? हे मास्तर इथं येतात, न गाळलेलं पितात. सारी वाडी सांगती. त्यांना कुठं काय झालंय? चांगले ठणठणीत बसलेत."

सगळ्यांनी भालचंद्राकडे पाहिले. नंदाबाईनेही पाहिले. कडूबाने मात्र पाहिले नाही. तो शब्दाला जागून जमिनीकडे बघत उभा होता, आणि त्याची जागल त्या गप्प राहण्यात चालली होती.

भालचंद्राने पट्टीच्या गाठीला हात घातला.

"काय करून राह्यलात?" श्रीपतराव त्याच्या कानाशी पुटपुटले. "मंडळाची अब्रू—"

"पाटीलसाहेब, मी ठणठणीत नाही," भालचंद्र म्हणाला आणि पाय पुढे केला. दोरा काडीला गुंडाळलेला होता. "पाणी एकाच बारवेचं. कडूबा गाळून प्याला, मी तसंच प्यालो. त्याच्या बायकोनं माझं ऐकलं, मी ऐकलं नाही. हैदराबादेला प्रयोगशाळेत असा स्वच्छ प्रयोग माझ्या हातून एकदाही झाला नव्हता. तिथे काचेची भांडी फुटायची."

काकासाहेब वाकले. त्यांनी घोटा नीट पाहिला, काडी पाहिली, आणि मग सरळ होऊन मिशीतल्या मिशीत हसले.

"जागल कडूबाकडंच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मास्तरला मातर कुनी पहाऱ्याला ठिवू नका. ज्याला सोताचा पाय राखता येत न्हाई, त्यो खळं काय राखनार!"

वाडी खदखदून हसली. भालचंद्रही हसला, कारण दुसरे करण्यासारखे काही नव्हते, आणि शिवाय ते खरे होते.

त्या गडबडीत नंदाबाई पाण्याची घागर घेऊन आली. सगळ्यांच्या समोर तिने घागरीच्या तोंडाला दुहेरी फडके लावून तांब्या भरला आणि पहिल्यांदा श्रीपतरावांपुढे धरला. श्रीपतरावांचा हात पुढे आला आणि मधेच थांबला.

"गाळलंय ना नीट?"

"तुमच्या म्होरं गाळलं की. नारूची भीती धरू नका. आमचीच वाटत असंल, तर तेवढं गाळायला फडकं न्हाई माझ्याकडं."

श्रीपतरावांनी भालचंद्राकडे पाहिले. मंडळाचा नियम भालचंद्राला तोंडपाठ होता, पण त्याने तो म्हणून दाखवला नाही. श्रीपतराव प्याले. उरलेले पाणी सांडून टाकावे की नाही याचा थोडा विचार करून तेही प्याले.

गाडी श्रीपतरावांना घेऊन गेली. भालचंद्राला चालता येत नव्हते, म्हणून तो नारू पुरता निघेपर्यंत कडूबाच्या बाजेवरच राहिला. नंदाबाई रोज पायावर धोत्र्याच्या पानांचे पोटीस बांधी आणि काडीला दोरा थोडा गुंडाळी. बातमी आजूबाजूच्या वस्त्यांवर गेली. बायका घोळक्याने येऊ लागल्या. भिंगाने, तक्त्यांनी, एवढ्या व्याख्यानांनी जी गर्दी कधी जमली नव्हती, ती त्याच्या घोट्याभोवती जमू लागली. द्वारकाबाईने सगळा कारभार आपल्या हाती घेतला होता. ती हातातली काठी घोट्याकडे रोखी आणि त्याच्याहून कितीतरी चांगले व्याख्यान देई.

"बघा बायांनो. हे येवढं शिकल्यालं मानूस. पानी गाळलं न्हाई, म्हून असं झालं."

भालचंद्राला पाय आखडून घ्यावासा वाटे. एकदा त्याने तसा प्रयत्न करून पाहिला.

"हालू नका हो, मास्तर," द्वारकाबाई त्याच्यावर खेकसली. "या बाईला अजून दिसलं न्हाई."