रविवारी उमललेली फुलं

"नुसता हात तर लावायचाय. त्याला कुनी काम म्हनतं व्हय?" मफिलेओ मालक बोलला आणि वेलीच्या बुडाशी पचकन थुंकला.

शनिवारची दुपार होती. मी नि फुसीमावशी घामानं निथळत होतो. व्हॅनिलाचं फूल पहाटे उमलतं नि दुपारी मिटतं. तेवढ्यात लिंबाच्या काट्यानं आतला पडदा उचलून अंगठ्यानं पराग दाबला तर शेंग धरते, नाहीतर फूल दुसऱ्या दिवशी गळून पडतं. उद्या बाग भरून फुलणार होती, नि उद्या रविवार. रविवारी आमच्या टोंगा बेटांवर कुणी पाण्यात होडी लोटत नाही की वावरात पाऊल टाकत नाही. कायदाच आहे तसा.

"मालक, चर्चात तुमी उभं राहून उपदेश करता," मावशी म्हणाली, "आन् आमाला ह्ये सांगता?"

"घंटा व्हायच्या आत उरका. कुनाला दिसतंय?" मग तो माझ्याकडं वळला. "आन् तू गं लोसा? विलायती फणसाखाली पोर निजवू देतो का न्हाई तुला? दुसरा कोन देतो, सांग की!"

टोपलीत माझी सात महिन्यांची हैलाला झोपली होती. नवरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेला, घरात दुसरं माणूस नाही. टोपली बंद म्हणजे माझं काम बंद. मी मान डोलावली. त्याच्याइतकीच माझीही मला किळस आली.

रविवारी पहाटे गावात रविवारचं जेवण शिजवायच्या जमिनीतल्या भट्ट्यांचा धूर चढत होता. मालक फाटकाशी आमच्याकडं पाठ करून उभा. त्याचं सगळं लक्ष रस्त्याकडं. काटा हातात धरून मी थांबले. सहा दिवस मी ह्या माणसाची एक ओळ चुकवली नव्हती. दूध दाटून चोळी भिजली, तरी ओळ पुरी करूनच पोरीला घेतलं होतं. त्याचं देणं होतं ते सारं दिलं. मग हा सातवा दिवस तो कशापायी मागतोय?

मी काटा केसात खोवला आणि फुलांवरून नुसती बोटं फिरवत निघाले.

"काटा इसरलीस का गं पोरी?" पलीकडच्या ओळीतून मावशीनं विचारलं.

"नाही मावशी. मालक म्हणाले ना, नुसता हात लावायचा."

 मावशीनंही आपला काटा कानामागं सरकवला. "मालकाचं ऐकाया पायजे बाई!"

दहाच्या प्रार्थनेला मालक चर्चात मानाची म्हणून नेसतात ती नवीकोरी चटई कमरेला गुंडाळून उभा राहिला. हौपो नावाच्या विधवेनं गेल्या रविवारी दोरीवर लेकराचे लंगोट वाळत घातले होते म्हणे. त्यावरून तो तिला भर सभेत झापत सुटला. ती बिचारी खाली बघत होती. माझ्या बोटांना अजून वेलीचा चीक होता. 

सोमवारी वेलींखाली गळलेल्या फुलांचा सडा पडला होता.

"अगं सटव्यांनो, ह्ये काय? काल तुमी..." मालक ओरडला आणि एकदम थांबला. कुंपणापलीकडं पाद्रीबाबा सायकलवरून उतरत होते.

"काय झालं काल, मफिलेओ?"

"काल... काल प्रार्थना लई ग्वाड झाली म्हनत हुतो."

मावशीला ठसका लागला.

मालकाची नजर टोपलीकडं गेली. आता तो काय बोलतो, ह्या धास्तीनं मी टोपलीकडं धावले. पण पाद्रीबाबा आधीच टोपलीवर वाकले होते. "लेकरू गुणी आहे. इथंच असतं का?"

मालक लगबगीनं पुढं आला. "तर! माझी नातच समजा, बाबा. सावलीला ठेव म्हनून मीच सांगितलंय हिला."

ते लाळघोटं बोलणं ऐकून अंगावर पाल पडल्यासारखं झालं. पण बोलला तो, तेही पाद्रीबाबांच्या समोर. आता टोपली हलवायची त्याची छाती नव्हती.

मी केसातला काटा काढला आणि त्या दिवशीचं एकही फूल वाया जाऊ दिलं नाही. सोमवार त्याचा होता.