पन्नासपैकी शून्य

बंदराजवळच्या द्रोणागिरीचं आमचं गोदाम एवढं अवाढव्य, की एकदा एक फोर्कलिफ्टवाला आत गेला तो तिसऱ्या दिवशी दाढी वाढवून बाहेर आला. त्याला शोधून काढला तो मीच. चोवीस वर्षं मी तिथला स्टोअरकीपर. डोळे मिटून नुसत्या वासावर सांगायचो, मिरी कुठल्या रॅकला आणि टायर कुठल्या. खोटं वाटत असेल तर पंढरीला विचारा. नाही, पंढरीला नकाच विचारू.

आम्ही तिघं रजिस्टरवाले. मी बाबासो, मूळचा कराडकडचा. दुसरा दिनानाथ. आणि तिसरा पंढरी, इथल्याच खाडीकाठच्या गावचा, ज्याच्या बापजाद्यांनी मिठागरं राखली. वीस वर्षं माझ्या डब्यातली भाकरी त्यानं खाल्ली आणि त्याच्या डब्यातली सुकट मी.

मागल्या वर्षी नंदकिशोर साहेबांनी फर्मान काढलं. रजिस्टरं बंद. तिघांनी चार शनिवार नेरूळला जाऊन डेटाबेसचा कोर्स करायचा, शेवटी परीक्षा. पास होईल तो आत, कॉम्प्युटरवर. नापास होईल तो यार्डात, उन्हात उभं राहून कंटेनरचे नंबर उतरवायला. आमच्या यार्डात मे महिन्यात कंटेनरवर अंडं फोडलं तर पत्र्याला टेकायच्या आत त्याचं ऑम्लेट होतं. आणि रिटायर व्हायला माझे अजून तीन उन्हाळे बाकी.

तोड काढली पंढरीनं, कँटीनमध्ये.

"आपुन तिघंव फेल व्हायचा. तिघांना यार्डात धाडला त आत खोका कोन शोधनार हाय? रजिस्टरं झक मारत परत येतील."

"आणि एखादा चुकून पास झाला तर?" दिनानाथनं विचारलं.

"म्हनून त मीठ." पंढरीनं टेबलावरची मिठाची पुडी उचलून आमच्या तळहातांवर चिमूट चिमूट ठेवली. "आमच्या गावान मीठ हातान घेऊन शब्द दिला म्हंजे दिला. मोडील त्याच्या जिभेची चव जाते."

तिघांनी मुठी वळल्या. "मी नापास होईन," असं प्रत्येकानं म्हटलं. मी तर डोळे मिटून म्हटलं.

नेरूळला शिकवायला जाई मॅडम होत्या, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच शनिवारी त्यांनी सांगितलं, टेबल म्हणजे माल मांडलेला रॅक, आणि क्वेरी म्हणजे त्या रॅकला विचारलेला प्रश्न. मी मनात म्हटलं, च्यायला, म्हणजे चोवीस वर्षं मीच क्वेरी होतो की! मला ते शिकणं आवडायलाच लागलं. शिवाय मला एक भीती होती. उत्तर माहीत नसेल तर चुकून बरोबर टिचकी पडायची आणि मी पास व्हायचो. म्हणून मी घरी पुस्तक पाठ केलं. पास व्हायला एवढा अभ्यास मी मॅट्रिकलाही केला नव्हता.

पंढरी मात्र वर्गात घोरायचा. माऊस उलटा धरायचा. मी दिनानाथला कोपरखळी मारून म्हणायचो, "बघ, काय नट आहे गडी!"

परीक्षेत पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं. मी प्रत्येक ठिकाणी बरोबर उत्तर हेरलं आणि त्याच्या शेजारचं ठोकलं.

निकाल तिथल्या तिथे पडद्यावर आला. पंढरी चव्वेचाळीस. दिनानाथ एकोणचाळीस. बाबासो शून्य.

मला वाटलं, मशीन बिघडलं. मी पंढरीकडे बघितलं. तो बुटाची लेस बांधत होता, आणि त्याच्या पायात चपला होत्या.

जिन्यात मी त्याला गाठला.

"सून शिकवायची रोज," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "ती बोलली, बाबा, तो दिनानाथ पास होनार, तुमी उन्हान मराल."

"मला पण वाटलं पंढरी पास होणार," दिनानाथ मागून म्हणाला आणि दोन पायऱ्या चुकवून खाली गेला.

"आणि मीठ, पंढरी?"

"त्या पुडीतला मीठ रं. कंपनीचा. आमच्या मिठागरातला असता त मी मोडला असता का?"

त्याचं म्हणणं त्याला खरंच पटलेलं होतं, हे मला जास्त लागलं. त्यानं लाज वाटून मान खाली घातली असती तर मी दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

मॅडमनी मला परत वर बोलावलं. दार लोटलं.

"काका, डोळे मिटून टिचक्या मारल्या तरी बारा-तेरा बरोबर येतात. शून्य पडायला पन्नासच्या पन्नास यावे लागतात. काय भानगड आहे? खरं सांगा, मी साहेबांना कळवते, पुढच्या शनिवारी परत परीक्षा घेऊ."

खरं सांगायचं म्हणजे मिठाचं सांगायचं. साहेबांना तो कट कळला असता, तर चव्वेचाळीसवाला आणि एकोणचाळीसवाला दोघंही बाहेर. आणि दुसरं असं, की माझ्या तळहातावरचं मीठ पुडीतलं होतं तरी खारटच होतं.

"म्हातारा ढ आहे, असं लिहा," मी म्हणालो.

मॅडमनी लिहिलं नाही, नुसता शून्य आकडा पाठवला. तेवढा पुरला. सोमवारी मला छत्री आणि पाण्याची बाटली मिळाली.

आता पंढरी आत असतो, एसीत. पहिल्याच आठवड्यात तो धावत यार्डात आला. साहेब मागे खिडकीत उभे. जेएनपीटी बंदराची गाडी खोळंबलेली, पडद्यावर एकाच मालाची सत्तर खोकी दिसत होती, आणि हवं होतं ते एक.

"बाबासो, क्वेरीन काय घालू रं? तुला येतो, मना म्हायती हाय."

मला येत होतं. पुस्तकाचं पान कितवं, तेसुद्धा येत होतं. आणि ते खोकं कुठल्या रॅकला आहे, तेही.

"म्हायती होतं तुला?" मी विचारलं. "कधीपासून?"

"पयल्या शनवारपासून. तुझा हात त मॅडमच्या आधी चालायचा."

म्हणजे मी काय करतोय हे त्याला चारही शनिवार दिसत होतं. मी टाकत होतो ती उडी त्याला दिसत होती, आणि तो काठावर बसून सुनेकडून पोहणं शिकत होता.

मी छत्री दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पुढच्या कंटेनरचा नंबर वाचायला लागलो, मोठ्यानं, एक एक आकडा सुटा करून. नंबर संपला तरी पंढरी उन्हात तसाच उभा होता. मग मी आणखी पुढचा कंटेनर घेतला.