दावीदापर्यंत

पॉलिशवाल्याने नळ पुन्हा सोडला, हात कोपरापर्यंत साबणाने चोळले आणि नाकाशी नेले. वास होताच. हातांना होता, बाह्यांना होता, आणि शर्टाच्या पोटावर जो भलाथोरला डाग वाळत आला होता त्याचा तर असा भपकारा येत होता की शेजारच्या नळावर थर्मास विसळणारी बाई पलीकडे सरकली. प्रसूतिगृहाच्या तळमजल्यावरची साबणाची वडी आधीच झिजून बोटाएवढी झाली होती. तिने तरी बिचारीने किती झुंजावं.

सकाळी तो एका वकिलाच्या घरी जेवणाच्या टेबलाला पॉलिश करत बसला होता. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाची गुंडी फडक्यात बांधून त्यात बुडवायची आणि लाकडावरून एका लयीत हात फिरवत राहायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. स्पिरिटचा डबा मांडीवर धरून तो झाकण काढत होता, तेवढ्यात फोन वाजला. जावई होता.

"बाबा, मुलगा झाला. दोघंही छान आहेत. आणि ती म्हणतेय, बाबांना बोलवा."

पॉलिशवाला असा काही ताडकन उठला की डबा पोटावरच उपडा झाला. वकिलीणबाई फडकं घेऊन धावल्या, पण तोवर हा चपला घालून जिना उतरत होता.

घरी जाऊन, आंघोळ करून, दुसरा शर्ट घालून यायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण 'बाबांना बोलवा' हे दोन शब्द ऐकायला त्याने इतकी वाट पाहिली होती की आंघोळीच्या वेळात मुलीचं मन फिरेल अशी त्याला धास्ती वाटली. तो तसाच बसमध्ये चढला. गर्दी असूनही त्याच्या शेजारची जागा रिकामीच राहिली.

आणि बसमध्ये त्याला प्यावंसं वाटलं. दुःखाशी दोन हात करायला तो एव्हाना शिकला होता, पण आनंद मोठा बेरकी. तो मित्रासारखा गळ्यात हात टाकून येतो. खिडकीतून ओळखीचं दुकान दिसलं, तशी घशात कोरड पडली. आजोबा झालास लेका, आज नाही तर कधी. एकच घोट. त्यात अंगाला तोच वास, म्हणजे प्यायलं काय नि न प्यायलं काय, लोक एकच समजणार. पॉलिशवाल्याने डोळे मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. अब्राहाम, इसहाक, याकोब, यहूदा.

त्याची तलवार ती एवढीच. चर्चचे पाळक मंडळीत नेहमी सांगायचे, बायबलचं वचन ही तलवार आहे, ती कपाटात ठेवून शत्रू पळत नाही, तोंडाने चालवावी लागते. बाकीच्यांच्या तलवारी कशा लखलखीत होत्या. शाळेतल्या बाई मेंढपाळाच्या स्तोत्राने भीतीला पळवून लावायच्या. निवृत्त पोस्टमनकडे रागासाठी एक, आळसासाठी एक आणि शेजाऱ्यासाठी एक अशी वेगवेगळी हत्यारं होती. पॉलिशवाल्याची पाळी आली तेव्हा तो उठून म्हणाला की आपण वंशावळ म्हणतो. म्हणजे येशूच्या पूर्वजांच्या नावांची ती लांबलचक रांग, याला तो झाला, त्याला तो झाला, जी आली की भले भले वाचणारे पान उलटून पुढे जातात. सगळे हसले. पाळकही हसले, पण म्हणाले, "चालते ना तुमची? मग धार कसली बघत बसता."

ही तलवार त्याला दिली होती बायकोने, आणि दिली तेव्हा तिचं टोक त्याच्याच छातीवर होतं. तो पिऊन घरी आला की ती आतून कडी लावून दाराशी उभी राहायची आणि एकच शब्द बोलायची.

"म्हण."

दावीद राजापर्यंत न अडखळता पोचला तर कडी निघायची. नाही पोचला तर फुटक्या काचेच्या खिडकीखाली, पायरीवर मुक्काम. स्तोत्रं तिने मुद्दामच निवडली नव्हती. स्तोत्रं तो पिऊन आल्यावर डोळ्यांतून पाणी काढत, सुरात म्हणायचा, आणि शेजाऱ्यांनाही रडवायचा. पण प्यायलेल्या जिभेने अम्मीनादाब, नहशोन म्हणून दाखवा म्हणावं.

"पॉलिशचा वास आहे गं," तो बाहेरून सांगायचा.

"म्हण," ती आतून सांगायची.

तो अडखळायचा. हमखास अडखळायचा. पण कधी कधी, कुठून कोण जाणे, पुढचं नाव कानात यायचं. अगदी हळू, कुजबुजल्यासारखं. ते पकडून तो पुढे सरकायचा, दावीदापर्यंत पोचायचा आणि कडी निघायची. देवच सांगतो, अशी त्याची पक्की समजूत होती. दारू सुटल्यावर मंडळीपुढे उभं राहून त्याने तशी साक्षसुद्धा दिली होती.

पण सुटली ती फार उशिरा. बायको गेली, तिच्या दफनविधीला तो पिऊन आला, आणि त्या दिवसापासून लग्न होऊन गेलेली मुलगी त्याच्याशी बोलेनाशी झाली. मग एका संध्याकाळी तो बाटली घेऊन घरी आला तर दाराला कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात, आणि आतून 'म्हण' म्हणणारं कुणी नाही. तो कुलूप हातात धरून उभा राहिला आणि आपणहून म्हणू लागला. दावीदापर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला. पोचल्यावर त्याने बाटली गटारात ओतली आणि आत गेला. याला आता तीन वर्षं होत आली होती. अजूनही काम करताना स्पिरिटचा वास डोक्यात चढू लागला की त्याच्या हाताच्या प्रत्येक फेऱ्याला एक नाव जायचं.

जावई मात्र अधूनमधून येऊन जायचा. त्याने हे मुलीला सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं, एवढंच. शपथा तिने लहानपणापासून पोत्याने ऐकल्या होत्या. दिवस गेल्यावर तिने उलट निरोप पाठवला होता: बाळाला हात लावायचा असेल तर वास घेऊन यायचं नाही. एकदा जरी आला, तर पुन्हा बोलावणं नाही.

आणि आज हा आला होता तो असा, वासाचा डबा अंगावर ओतून.

जावई जिन्यावरूनच हसत खाली आला. हात पुढे केले आणि दोन पायऱ्या वरच थांबला. त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"बाबा," तो म्हणाला. "आजच्या दिवशी तरी."

"पॉलिशचा वास आहे," पॉलिशवाला म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून चपापला. तेच शब्द, तोच सूर. इतकी वर्षं खोटं बोलायला वापरलेलं वाक्य आज खरं बोलायला हवं होतं, आणि त्यात आता काही जीवच उरला नव्हता.

"हो, हो," जावई म्हणाला. माणूस चांगला होता, म्हणून खाली बघून म्हणाला. "असं करू या का, तुम्ही उद्या या. सकाळी. ती दमलीय आज."

"पण तिने बोलावलंय ना?"

"बोलावलंय. म्हणून तर म्हणतो."

पॉलिशवाल्याला कळलं की उद्या असं काही नसतं. हा आत जाऊन काय सांगेल, बाबा आले होते पण परत पाठवलं, आणि का ते ती विचारणारही नाही.

"मी दारातून बघतो," तो म्हणाला. "आत पाऊल टाकत नाही. तिचं तोंड बघतो आणि जातो."

जावयाला नाही म्हणवलं नाही.

खोलीत दोन खाटा होत्या, एक रिकामी. खिडकीजवळच्या खाटेवर मुलगी उशीला टेकून बसली होती, आणि तिच्या कुशीत पांढऱ्या कापडाचं एक गाठोडं होतं. पॉलिशवाला उंबऱ्याबाहेर उभा राहिला. तो दिसण्याआधी त्याचा वास आत पोचला असणार, कारण तिने मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हुबेहूब तिच्या आईचा चेहरा होता.

"बाबा, तिथेच थांबा."

तो थांबला.

"म्हणा."

"काय म्हणायचं?" जावयाने विचारलं.

पॉलिशवाल्याने दोन्ही हात खाली सोडले, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे, आणि सुरुवात केली. अब्राहाम, इसहाक, याकोब, यहूदा. आवाज नीट निघत होता. पेरेस, हेस्रोन, अराम. अम्मीनादाब आणि नहशोन ही दोन अवघड वळणं तो सफाईने पार करून गेला, तसा त्याला धीर आला. सल्मोन. बवाज. एवढ्यात कापडाच्या गाठोड्यातून एक पाऊल बाहेर आलं. एवढंसं, लालसर, त्याच्या अंगठ्याएवढं. ते हवेत हललं, जणू दार ढकलून बघत होतं.

"बवाज," पॉलिशवाला पुन्हा म्हणाला.

पुढे काहीच नव्हतं. रोज टेबलाखुर्च्यांवरून शेकडो वेळा फिरलेलं नाव, पण डोकं धुऊन पुसून ठेवल्यासारखं रिकामं. अडखळलास म्हणजे प्यायलास, हा घरचा कायदा. त्याने ओठ हलवले, पण आवाज फुटेना. जावयाने मान दुसरीकडे वळवली.

"ओबेद."

अगदी हळू, कुजबुजल्यासारखं.

पॉलिशवाला दचकला. हा आवाज त्याने ओळखला. पायरीवर बसून, डोकं भिंतीला टेकून, कितीदा तरी ऐकलेला आवाज. त्याने मुलीकडे पाहिलं. ती बाळाचं पाऊल परत कापडात घालत होती आणि तिचे ओठ नुकतेच मिटले होते.

"ओबेद," तो म्हणाला. चौकटीला हात टेकला. "इशाय. दावीद."

"या आत," मुलगी म्हणाली.

तो खाटेशी आला, पण स्टुलावर बसेना.

"पोरी, मी अडखळलो."

"ऐकलं मी."

"पण प्यायलेलो नाही. हा खरंच स्पिरिटचा..."

"कळतं मला. पॉलिशवाल्याच्या घरात वाढलेय. हा वास हातांना येतो, कपड्यांना येतो. तो दुसरा तोंडाला येतो आणि डोळ्यांत दिसतो. तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हाच कळलं."

"मग म्हणायला का लावलंस?"

"ह्याला ऐकवायचं होतं." तिने बाळाच्या कपाळावरचं कापड मागे सारलं. "आई असती तर तिने लावलंच असतं."

पॉलिशवाला मटकन स्टुलावर बसला. त्याच्या जिवात जीव आला, आणि तो एकदम इतका आला की त्याला हसूही येऊ लागलं आणि रडूही. त्याने ते दोन्ही होऊ दिलं. जावयाने पाण्याचा ग्लास पुढे केला. तो एका दमात प्यायला.

"तो आवाज," ग्लास खाली ठेवत तो म्हणाला. "खिडकीतला. तू होतीस?"

"मग कोण असणार?"

"तुझ्या आईला कळलं असतं तर तुझी धडगत नव्हती."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. "बाबा, आईच मला तिथे उभी करायची. झोपले असले तर उठवून. फुटक्या काचेपाशी. सांगायची, बाबा अडला की सांग, पण हळू सांग, त्याला कळू देऊ नकोस."

दाराच्या आत कमरेवर हात ठेवून उभी असलेली बायको त्याने मनात हजारदा पाहिली होती. तिचा दुसरा हात लेकीच्या खांद्यावर होता, हे त्याने कधीच पाहिलं नव्हतं.

"मी साऱ्या मंडळीपुढे साक्ष दिलीय गं," तो म्हणाला. "देव माझ्या कानात नावं सांगायचा म्हणून."

"मग खोटं कुठे सांगितलंत?"

ती बाळाला उचलू लागली, आणि मध्येच थांबली.

"आधी तो शर्ट काढा. ह्याच्या नाकाला झोंबेल."

जावयाने पिशवीतून स्वतःचा एक धुतलेला शर्ट काढून दिला. तो सासऱ्याच्या अंगात चांगलाच ढगळ झाला, बाह्या बोटांवर उतरल्या, आणि मुलगी सकाळपासून पहिल्यांदा हसली. मग तिने बाळ त्याच्या हातांत दिलं. ते काही वजनाचं नव्हतं. तरी लाकडाची जड कपाटं लीलया फिरवणाऱ्या पॉलिशवाल्याने दोन्ही कोपरं मांडीवर टेकवून घेतली.

"पुढचं म्हणा ना," मुलगी डोळे मिटून म्हणाली.

"पुढचं येत नाही. दावीदापाशी कडी निघायची, त्यापुढे कधी जावंच लागलं नाही."

"मग आता शिका."

"शिकतो."

बाहेर कुणीतरी ढकलगाडी खडखडत नेत होतं. जावई आवाज आत येऊ नये म्हणून दार लावायला उठला.

"राहू दे," मुलगी डोळे न उघडता म्हणाली. "उघडंच राहू दे."