कोपऱ्यातले हात

बातम्या चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात एक बाई हातवारे करताना दिसते ना, ते तिचं काम. ऐकू न येणाऱ्यांना ती खुणांच्या भाषेत बातम्या सांगायची. वाहिनीत तिला सगळे 'कोपऱ्यातली बाई' म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. ही भाषा ती कुठल्या वर्गात शिकली नव्हती. तिचा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा. धड बोलायला लागायच्या आधीच ती त्याच्याशी हातांनी भांडायला शिकली होती.

एकाच दिवसात तिला तीन तऱ्हेची कामं असत. सकाळी बातम्या, दुपारी मालिका, आणि अधूनमधून जाहिराती. नवीन होती तेव्हा दिग्दर्शकानं तिला चहा पाजून समजावलं होतं.

"बातम्या बघणाऱ्याला काय घडलं ते हवं असतं. तिथं चेहरा कोरा ठेवा. मालिका बघणाऱ्याला रडायचं असतं, हे खरं घडलेलं नाही हे ठाऊक असून. तिथं मनसोक्त रडा. जाहिरात बघणाऱ्याला काहीच नको असतं, तो मालिका परत सुरू व्हायची वाट बघत असतो. त्याला उठवून दुकानात पाठवायचं. तिथं हसा."

"आणि जाहिरातीतलं खोटं असलं तर?"

"खरं-खोटं बघायला बातम्यांचा विभाग आहे ना, बाई."

तेव्हा तीही हसली होती.

मग एक दिवस तेलवाला आला. कानात घालायचं तेल विकायचा. रोज सात थेंब, एकवीस दिवस, की बंद कान उघडणार. गिऱ्हाईक बहिरं, म्हणून जाहिरातीत कोपऱ्यातली बाई मुद्दाम मोठ्या चौकोनात हवी, असा त्याचा आग्रह. सात थेंबांशी आल्यावर तिचे हात जरा अडखळले. पण कॅमेरा चालू होता. तिनं हसून सगळं सांगितलं, कपडे बदलले आणि घरी गेली.

दोन महिन्यांनी ती भावाकडे गेली. भाऊ सुतार. पुढं कारखाना, मागं घर. वहिनीलाही ऐकू येत नाही. त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीला मात्र डाव्या कानानं थोडं ऐकू यायचं. लाकूड तासायचं रंध्याचं यंत्र सुरू झालं की ती दचकायची, आणि आत्यानं दारातून हाक मारली की पळत यायची. त्या दिवशी आत्यानं हाक मारली. पोरगी फळीवर खडूनं रेघा ओढत बसली होती, ती तशीच बसून राहिली. दुसऱ्या हाकेलाही तिनं मान वर केली नाही.

भावानं आतून बाटली आणली आणि डॉक्टरचा कागद आणला. तेलानं कानाचा पडदा भाजला होता. उरलंसुरलं ऐकणं गेलं होतं, आणि ते परत येणार नव्हतं.

"कधीपासून?" तिनं हातांनी विचारलं.

"महिना झाला."

"मला का नाही कळवलंस?"

भावानं बाटली आणि कागद खाली ठेवला. मग सावकाश त्याचे हात हलले. "तूच सांगितलंस म्हणून घेतलं."

तेलवाल्याचा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता, ऐकणारही नव्हता. त्याच्यापुरता पडद्यावर एक माणूस नुसतं तोंड हलवत होता. शब्द सगळे बहिणीचे होते. आपली बहीण आपल्याला खोटं कशाला सांगेल, एवढाच त्याचा हिशोब.

ती कारखान्यात जाऊन भुशाच्या ढिगावर बसली. आपले हात तिला बघवेनात, म्हणून तिनं ते काखेत घट्ट दाबून धरले. रडू आलं नाही. त्या माणसाचं वाटोळं करायचं, हे एकच तिच्या मनात घोळत राहिलं.

आधी ती रीतीनं गेली. वृत्तसंपादकानं डॉक्टरचा कागद दोनदा वाचला. "बातमी तर आहे," तो म्हणाला. "पण संध्याकाळच्या बातम्या कोणाच्या जाहिरातींवर चालतात, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

मग ती मालिकेच्या लेखिकेकडे गेली. लेखिका मनानं चांगली. तिनं खरंच एका भागात भोंदू वैद्य आणला, एका लहान मुलीचा कान घालवला. लोक ढसाढसा रडले, वाहिनीकडे पत्रांचा ढीग आला. आणि त्याच भागाच्या मध्यात तेलाची जाहिरात लागली. वैद्याला शिव्या घालत डोळे पुसणारी माणसं कोपऱ्यातल्या बाईचं हसू बघत होती.

"माझ्या प्रेक्षकांना रडायचं असतं, ताई," लेखिका ओशाळून म्हणाली. "रडून झालं की ते जेवायला बसतात."

महिन्याच्या सुरुवातीला तेलवाला नवी बाटली घेऊन नवी जाहिरात करायला आला. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. निळी साडी नेसून, केस बांधून ती वेळेवर हजर झाली. कॅमेरा सुरू झाला. तेलवाला बाटली उंचावून बोलू लागला, आणि शेजारी ती हसत हसत हात चालवू लागली.

"हे तेल घेऊ नका. यानं माझ्या भाचीचा उरलेला कान गेला. मागच्या वेळी मी तुम्हाला खोटं सांगितलं. ज्यांनी घेतलं असेल त्यांनी महिनाअखेरच्या शनिवारी सकाळी अकराला बाटली घेऊन याच्या दुकानी या. ऐकू येणाऱ्या कोणाला यातलं कळू देऊ नका."

तेलवाल्यानं जाहिरात तीनदा लावून बघितली. "काय गोड हात आहेत हो," तो दिग्दर्शकाला म्हणाला. "हिलाच ठेवा. आणि दिवसातून आठदा दाखवा."

तो ती जाहिरात दाखवत राहिला, तेही स्वतःच्याच पैशानं. संध्याकाळी घरी बसून ती प्रत्येक वेळ मोजायची आणि तिला जेवण गोड लागायचं. बहिऱ्यांच्या शाळेतल्या एका बाईंचा तेवढा फोन आला. "तुमची जाहिरात पाहिली," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी काही पाहिलेलं नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी अकराला दुकानासमोर दीडदोनशे माणसं जमली. म्हातारे होते, शाळेतली मुलं होती, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया होत्या. गर्दी बघून तेलवाला खुशीत बाहेर आला, हात जोडून या या म्हणाला. सगळ्यात पुढं तिचा भाऊ होता. त्यानं बाटली पायरीवर ठेवली. मागून दुसरी आली, मग दहावी, मग मोजता येईनात. पायऱ्या भरल्या, कट्टा भरला. आवाज फक्त काचेचा. मग सगळे एकदम हातांनी बोलू लागले, त्याच्या तोंडासमोर.

तेलवाल्याला एक अक्षर कळेना. तो याच्याकडे बघे, त्याच्याकडे बघे, काय झालं म्हणून ओरडे. ओरडून उपयोग नाही हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. तेवढ्यात बाजूला उभी असलेली ती त्याला दिसली.

"बाई, हे काय म्हणतायत? सांगा ना."

ती हाताची घडी घालून उभी राहिली. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, तिला सगळं ऐकू येत होतं. त्यानं तिच्यापुढं हात जोडले. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिनं चांगली दहा मिनिटं त्याला तसंच उभं ठेवलं.

गर्दीचा सुगावा लागून वेगवेगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे आले. बातमीदारांनाही काही कळेना, त्यांना दुभाषी हवा होता. तेव्हा ती पुढं झाली, चेहरा कोरा ठेवला आणि एकेकाचं बोलणं मोठ्यानं सांगत गेली. कोण, कधी घेतलं, काय झालं. भावाचं बोलणंही तिनं सांगितलं, त्यात 'तूच सांगितलंस' हेही आलं, आणि तिनं ते गाळलं नाही.

"हिनं माझ्या जाहिरातीत खोटं सांगितलं," तेलवाला किंचाळला.

"पहिल्या जाहिरातीत," ती म्हणाली.

संध्याकाळी सगळीकडे तीच बातमी होती. तिच्या वाहिनीलाही ती द्यावी लागली. चार दिवसांत दुकानाला सील लागलं आणि तेलवाल्यावर खटला भरला गेला. तिला मात्र शनिवारी संध्याकाळीच कामावरून काढलं. "जाहिरातीच्या जागेत असलं करतात का?" दिग्दर्शकानं विचारलं. "बातम्यांत जागा मागितली होती," ती म्हणाली आणि आपला डबा घेऊन निघाली.

भाचीचा कान गेला तो गेलाच. ती आता बहिऱ्यांच्या शाळेत जाते, आत्याच तिला सोडते. भाऊ पूर्वीसारखा बहिणीशी बोलतो, भांडतोसुद्धा. फक्त ती काही नवीन सांगायला लागली की तो हात वर करून तिला थांबवतो आणि विचारतो, "तुला कोणी सांगितलं?" ती न चिडता सगळं नावानिशी सांगते.

खटला अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला ती लवकर जाते आणि पहिल्या बाकावर बसते, तेलवाल्याला समोर दिसेल अशी. तो नजर चुकवतो. ती बघतच राहते.