काफुलाचा प्रश्न

मी वेल्डिंग मशीन बोलतोय. परदेशातून रंगीत खोक्यात बसून आलेलं नव्हे. किटवे या तांब्याच्या खाणींच्या शहरात, बाजारामागे न्गांडू म्हाताऱ्याची पत्र्याची शेड होती, तिथे माझा जन्म झाला. खाणीच्या भंगारातल्या पोलादी पट्ट्या त्याने एकावर एक रचल्या, तांब्याची जाड तार हाताने गुंडाळली, तिला वार्निश पाजलं आणि चाकं लावून मला उभं केलं. "हे मशीन बंद पडेल तेव्हा मी जिवंत नसेन," असं तो गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा. खरं बोलला म्हातारा. पुढच्याच थंडीत तो गेला.

त्याआधी काफुलाने मला घरी आणलं होतं. त्याची खाणीतली नोकरी नुकतीच सुटली होती. उमेदीची सगळी वर्षं त्याने तिथे जोडकामात घातलेली. पण खाणीत मशीन बिघडलं की दुसरं यायचं. दुरुस्ती करणारी माणसं वेगळी. त्यामुळे माझ्याकडून काम करून घेणं त्याला छान जमे, माझ्या पोटात काय आहे ते मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं.

बुची वस्तीत, त्याच्या घरापुढच्या आंब्याखाली आमचा धंदा सुरू झाला. दारं, खिडक्या, कोळशाच्या शेगड्या. वीज तिच्या मर्जीने यायची. कधी ऐन जेवणात यायची, आणि काफुला हातातला मक्याच्या उब्वालीचा घास ताटात टाकून उठायचा.

"त्या मशीनलाही वाढू का दोन घास?" त्याची बायको आतून विचारायची. तिला सगळी वस्ती म्विलाची आई म्हणूनच ओळखते.

"वाढ. तुझ्यापेक्षा कमी बोलतं ते," काफुला म्हणायचा, आणि दोघं हसायची. ते दिवस बरे होते.

मग मला ताप भरायला लागला. थोडं काम झालं की अंग पोळायचं, पोटातून करपल्यासारखा वास यायचा. काफुला थांबायचा, पुठ्ठ्याने वारा घालायचा, पुन्हा चालू करायचा. न्गांडू असता तर मला त्याच्या शेडमध्ये ढकलत नेलं असतं. आता विचारायचं कोणाला?

लेक म्विला राजधानीहून, लुसाकाहून आली तेव्हा तिने आपला जुना फोन बापाला दिला आणि त्याला एका ग्रुपमध्ये घातलं. तांबेपट्टा मिस्त्री मंडळ. "बाबा, शेकडो मिस्त्री आहेत इथे. वेल्डर, प्लंबर, वायरमन. काही अडलं की विचारायचं. लाजायचं नाही."

काफुलाने हात धुतले, फडक्याला पुसले आणि माझ्या झाकणावर कोपर टेकून एका बोटाने लिहायला बसला. लिहिताना तो प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणतो, म्हणून मला सगळं कळतं. "आदरणीय बंधूंनो, मी काफुला, बुचीचा वेल्डर. आधी खाणीत होतो. मला मंडळात घेतलंत, आभारी आहे. आपल्या घरच्यांना नमस्कार."

फोन माझ्यावर ठेवून तो कामाला लागला. फोन वाजला की तोंडावरचा मुखवटा वर करून बघायचा. फोन खूप वाजला. चोला नावाच्या कोणा तरुण मिस्त्रीचा वाढदिवस होता.

"काय म्हणाले?" म्विलाच्या आईने विचारलं.

"अजून काही नाही. कामात असतील."

"चोलाचा केक बघायला बरी सवड आहे."

त्यानंतर त्याने माझ्याबद्दल विचारलं. मशीन लवकर तापतं, वास येतो, काय करावं, कृपया सांगा. खाली कोणीतरी फुटबॉलवरचा विनोद टाकला. त्यावर हसणाऱ्यांची रीघ लागली. काफुलाचा प्रश्न वर वर सरकत दिसेनासा झाला.

त्याला वाटलं, आपण नवे आहोत, आधी ओळख वाढवायला हवी. मग तो सगळ्यांच्या सुखदुःखात शिरू लागला. कोणाला मुलगा झाला, अभिनंदन. कोणाची आत्या वारली, देव शांती देवो. स्वतः केलेल्या दाराचा फोटोही त्याने टाकला. कोणी हिंग लावून विचारलं नाही. मी रोज ऐकत होतो. जिवंत माणूस भिंतीशी बोलत होता आणि त्या भिंतीमागे शेकडो जण गप्पा मारत होते.

अशात त्याला मोठं काम मिळालं, वस्तीतल्या बाळंतपणाच्या दवाखान्याचं फाटक. मुख्य नर्स स्वतः येऊन म्हणाली, "फाटक नीट करा, मग खिडक्यांच्या जाळ्याही तुम्हालाच." काफुलाने लोखंड आणलं आणि माझ्याकडे एकदा काळजीने बघितलं.

मग त्याने ग्रुपवरच थेट मंडळाच्या प्रमुखाचं नाव घेऊन लिहिलं. "बॉस सिम्पासा, क्षमा असावी. पुन्हा विचारतो. मशीन फार तापतंय, हातात मोठं काम आहे." संदेशाशेजारी निळ्या खुणा उमटल्या. वाचलं होतं. थोड्या वेळाने सिम्पासाने लिहिलं, "बंधूंनो, रविवारी बोकड कोणाकडे?"

"त्याचं दुकान बाजारातच आहे म्हणतात. जाऊन भेटा ना," म्विलाची आई म्हणाली.

"ओळख ना पाळख. दोनदा विचारून जो बोलला नाही, त्याच्या दारात जाऊन उभा राहू?"

"मग मशीन जळू दे तुमच्या मानासाठी."

त्याने मुखवटा तोंडावर ओढून घेतला. बोलला असता तर भांडण झालं असतं. आणि ती चुकीचं बोलत नव्हती.

फाटकाची एक बाजू झाली. दुसरीची चौकट जोडताना मी जळालो. त्याचं वर्णन करत नाही. काळा धूर निघाला, आणि अंगातली गुणगुण थांबली. काफुलाने वायर उपटली, गुडघे टेकून पहिल्यांदा माझं मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. दवाखान्याने दोन आठवडे वाट पाहिली आणि अर्धं फाटक उचलून दुसऱ्या वेल्डरकडे दिलं. खिडक्याही त्याच्याकडेच गेल्या.

पुढच्याच महिन्यात चोलाने ग्रुपवर लिहिलं, "मशीन तापतंय यार, वास मारतंय."

उत्तरांचा पाऊस पडला. सिम्पासाने तर आवाजच पाठवला. भरदार, मायेचा आवाज. "चोला, पोरा, आधी बंद कर ते. मागचं झाकण उघड. तारांचा जोड काळा पडला असेल, तो खरवडून साफ कर, बोल्ट आवळ. नाहीतर जाळून बसशील. राहू दे, दुपारी मीच येतो."

काफुलाने ते ऐकलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावल्यावर म्विलाची आई बाहेर आली. "बंद करा ते," ती म्हणाली.

घर चालवायला हवं होतं. काफुलाने शेवटी ग्रुपवर लिहिलं. या वेळी आदरणीय नाही, नमस्कार नाही, नावही नाही. "जळालेलं मशीन. आतलं तांबं विकायचं आहे. बुची."

फोन खाली ठेवायचीही उसंत मिळाली नाही. "भाऊ, किती किलो?" "कुठे येऊ?" "दुसऱ्याला देऊ नका." चोलाने लिहिलं, "काका, माझ्यासाठी ठेवा." इतके दिवस जो कोणीच नव्हता, तो क्षणात सगळ्यांचा भाऊ आणि काका झाला.

सर्वांत आधी सिम्पासा आला. धिप्पाड, हसतमुख माणूस. त्याने वाकून, हलक्या टाळ्या वाजवत रीतीप्रमाणे नमस्कार केला. आलेल्याला बसायला स्टूल न देणं आमच्याकडे शिवी दिल्यासारखं असतं. म्विलाची आई दारात उभी होती, स्टूल तिच्या हाताशी होतं. तिने ते हलवलं नाही.

सिम्पासा माझ्याजवळ उकिडवा बसला. "अरेरे. एवढ्याशा जोडासाठी गेलं हे. ग्रुपवर विचारायचं होतं हो. आम्ही कशाला आहोत?"

काफुलाने फोन त्याच्या हातात दिला. सिम्पासा वाचत वर वर गेला. नमस्कार, पहिला प्रश्न, दुसरा, त्यात स्वतःचं नाव. त्याचं हसू ओसरलं.

"पाहिलं होतं मी," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? वाटलं, दुसरा कोणीतरी सांगेल. तुम्हाला कोणी ओळखत नव्हतं ना, भाऊ."

"ओळख व्हावी म्हणूनच नाव लिहिलं होतं," काफुला म्हणाला.

सिम्पासाने मान खाली घातली. मला वाटलं, आता हा उठून जाईल, निदान माफी तरी मागेल. "मनाला लावून घेऊ नका. मंडळ मोठं आहे," असं म्हणत त्याने पिशवीतून वजनकाटा काढला.

छिन्नी-हातोड्याने माझं तांबं निघालं. त्याच संध्याकाळी त्याने ग्रुपवर लिहिलं, "बुचीचे काफुला भाऊ. सज्जन माणूस. सर्वांनी स्वागत करा." आणि स्वागतं आली. फुलं, जोडलेले हात, टाळ्या. काफुला उभ्या उभ्या ती बघत राहिला. फोन शांत झाल्यावर तो मंडळातून बाहेर पडला. 'काफुला बाहेर पडले' अशी एक ओळ तिथे उमटली असेल. 'का' म्हणून विचारणारा फोन काही आला नाही.

आता काफुला दुसऱ्याच्या शेडमध्ये मजुरीवर वेल्डिंग करतो. घरी येतो, जेवतो, झोपतो. ताटावर थट्टा होत नाही. माझ्या पट्ट्या आंब्याखाली गंजताहेत, वर कोंबड्या बसतात.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही फोनमध्ये असं एखादं मंडळ असेल. एखादा नवा माणूस हात धुऊन, नमस्कार लिहून काही विचारेल. उत्तर येत नसेल तर 'ठाऊक नाही' एवढं तरी म्हणा. तेवढ्यानेही माणूस दुसरीकडे जायला मोकळा होतो. काफुलाला तेवढंही कोणी म्हणालं नाही. म्हणून तो वाट बघत राहिला, आणि मी तापत राहिलो.